सबवूफर कुठे ठेवायचा? आधी सोफा कुठे आहे ते सांगा

प्रश्न असा आहे: खोली ५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. समोरच्या आखूड भिंतीशी दोन स्पीकर, त्यांच्या मध्ये टीव्ही. बारा इंची सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, पुढे नुसता ‘सब’) एकच, समोरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. तक्रार अशी की बासचे काही स्वर नुसते गडगडतात आणि काही ऐकूच येत नाहीत. सोफ्याच्या टोकाला बसलेला म्हणतो, ‘बास कमी कर’. मधे बसलेला विचारतो, ‘सब चालू आहे ना?’ आता सब कुठे हलवायचा, आणि दुसरा सब घेतला तर हे सुटेल का?

उत्तर आधी सांगून टाकतो. सब समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ आणा, भिंतीला जवळजवळ चिकटवा, आणि सोफा जमेल तर मागच्या भिंतीपासून ८० सेंटिमीटर पुढे ओढा. दुसरा सब तूर्त घेऊ नका. हे तुमच्या खोलीपुरतं झालं. ते असंच का, हे कळलं तर वेगळ्या मापाच्या खोलीतही स्वतःचं उत्तर काढता येतं, म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

बरीच वर्षं लोकांच्या खोल्यांमधून टेप, माइक आणि लॅपटॉप घेऊन गुडघ्यांवर रांगतोय. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की झाली: ‘सबची जागा’ असा सुटा प्रश्न नसतो. सबची जागा आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याची जागा ही जोडी असते. एकच सब एकाच ठिकाणी ठेवून तुम्ही फक्त मीटरभर सरकलात तर तो सुधारतो तरी किंवा बिघडतो तरी. त्यामुळे ‘कोपरा चांगला की वाईट?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘बसणार कुठे?’

कारण लहरींच्या लांबीत आहे. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनं) लहरीची लांबी ४.३ मीटर, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची तब्बल १७ मीटर. तुमच्या खोलीत ४० हर्ट्झची एक पूर्ण लहर आडवी मावत नाही, उभी तर नाहीच. ती भिंतीवर आपटून परत येते, येणारीत जाणारी मिसळते, आणि काही ठरावीक फ्रिक्वेन्सींना खोलीतली हवा एका जागी हेलकावायला लागते.

परातीत पाणी घेऊन चार पावलं चाललेल्या कुणालाही हे माहीत आहे. पाणी दोन्ही काठांशी वरखाली होतं, मधोमध पातळी जवळपास जिथल्या तिथे राहते. खोलीतल्या हवेच्या दाबाचंही तसंच होतं: भिंतींशी जोरात चढउतार, मध्यावर शांतता. याला मोड म्हणतात. आता त्या पाण्याला काठाशी हाताने वरखाली ढकललं तर हेलकावा लगेच उठतो. मधोमध तसंच ढकललं तर हा हेलकावा उठत नाही. सब म्हणजे ढकलणारा हात. कुठे ढकलता यावर कुठला मोड उठेल ते ठरतं, आणि कुठे बसता यावर उठलेल्यातलं काय ऐकू येईल ते ठरतं. अख्खं प्रकरण एवढंच आहे, पुढे हिशेब.

हिशेब सोपा आहे. ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमची लांबी ५ मीटर, म्हणजे पहिला मोड ३४ हर्ट्झला, त्याच्या दुप्पट ६८.६ ला दुसरा. रुंदी ३.६ मीटर, म्हणून ४७.६ हर्ट्झ. उंची ३ मीटर, म्हणून ५७. लांबी आणि रुंदी मिळून तिरका मोड होतो तोही जवळजवळ तिथेच, ५८.७ हर्ट्झला. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तिच्यावरची ५५ हर्ट्झला, म्हणजे ही सगळी मंडळी ऐन बासच्या रस्त्यात उभी आहेत. चाल वरखाली होताना एखादा स्वर नेमका यांच्यापैकी एकावर पडतो आणि गडगडतो. शेजारचा दोन मोडांच्या मधे पडतो आणि हरवतो. वाजवणाऱ्याने दोन्ही सारख्याच जोराने वाजवलेले असतात.

आता सोफ्यावर बसलेल्या दोघांच्या भांडणाकडे या. ४७.६ हर्ट्झचा मोड डावी-उजवी हेलकावतो. सब कोपऱ्यात, म्हणजे हात काठाशी; मोड पुरता उठलाय. मधे बसलेल्याचं डोकं रुंदीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे शांततेच्या जागी, त्यामुळे त्याला तिथे खड्डा. टोकाला बसलेला मध्यापासून मीटरभर बाजूला, त्याला जवळजवळ पूर्ण टेकाड. दोघंही खरं बोलतायत. गंमत म्हणजे दोन स्पीकरच्या बरोबर मध्यावर बसायचं हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, आणि आयताकृती खोलीत ती जागा रुंदीच्या पहिल्या मोडचा हमखास खड्डा असते. मध्यावरून उठायचं नाही. स्टिरिओसाठी ते बरोबरच आहे. तो मोड उठणारच नाही असं करायचं.

त्यासाठी सब समोरच्या भिंतीच्या मध्यावर. तिथून डावी-उजवीकडचा हेलकावा ढकललाच जात नाही, आणि तिरका ५८.७ चा मोडही त्याच्याबरोबर गप्प बसतो. नेमक्या मध्यावर टीव्हीचं स्टँड येतं ही अडचण नेहमीची, पण त्याचा बाऊ करू नका. मध्यापासून २० सेंटिमीटर बाजूला ठेवला तरी कागदावर हा मोड कोपऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ डेसिबलने कमी उठतो. ४० सेंटिमीटर सरकला तरी ९ डेसिबल. एवढा फरक कुठलीही केबल, स्पीकरखालचा कुठलाही स्पाइक, कुठलाही महागडा अँप्लिफायर देत नाही. दोन्ही स्पीकरपासूनचं अंतर सारखं राहतं आणि पुढे फेज जुळवणं, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकाच वेळी चढाव्या-उतराव्यात असं करणं, सोपं जातं, हा वरचा फायदा.

लांबीच्या मोडांचं मात्र समोरच्या भिंतीवर सब ठेवून काही सुटत नाही, कारण समोरची भिंत हा त्यांचा काठच. तिथे सोफा कामाला येतो. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलेला माणूस लांबीच्या प्रत्येक मोडच्या टेकाडावर बसलेला असतो. सोफा ८० सेंटिमीटर पुढे आला तर ६८.६ चा मोड कानाशी ५ डेसिबलच्या आसपास उतरतो. ३४ चा जेमतेम १ डेसिबल उतरतो, आणि ते चांगलंच आहे; खालच्या खर्जाला थोडी मदत राहू द्यावी. ८० जमत नसेल आणि ४० च जमत असेल तर खरं सांगतो, बासमध्ये १ डेसिबलहून फारसं काही पदरात पडणार नाही. तरी ओढा, कारण डोक्यामागच्या भिंतीवरून लगेच परतणारा वरच्या पट्टीचा आवाज जरा लांब जातो आणि गायकाचा आवाज मोकळा होतो.

मात्र उत्साहात खोलीच्या मधोमध जाऊन बसू नका. तिथे ३४ चाही खड्डा आणि ४७ चाही. ‘खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा’ असा एक नियम फिरत असतो. सुरुवात म्हणून ठीक आहे. पाळलाच पाहिजे असं त्यात काही नाही.

हा हिशेब चारी भिंती भक्कम आणि खोली बंद असं धरून केलेला आहे. एक बाजू उघडी असेल, भिंत पातळ पार्टिशनची असेल, मोठी खिडकी असेल, तर आकडे सरकतात आणि टेकाडं बोथट होतात. इंग्रजी एल आकाराची खोली असेल तर सूत्राला हात जोडा आणि रांगायला लागा. रांगण्याकडे येतोच, त्याआधी भिंतीपासूनच्या अंतराचं सांगतो, कारण तिथे भलेभले चुकतात.

‘बास घुमतोय ना, मग सब भिंतीपासून लांब घे’ हा सल्ला सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यात अर्धं सत्य आहे. सब लांब घेतला की भिंतीचा आधार कमी होतो आणि एकूण आवाज उतरतो, म्हणून घुमणं कमी झाल्यासारखं वाटतं. पण सबचा आवाज मागे जाऊन भिंतीवरून परत येतो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीला ते अंतर लहरीच्या पाव भागाइतकं असतं तिथे परत आलेला आवाज थेट आवाजाला मारतो. ३४३ ला अंतराच्या चौपटीने भागा. सबचा पडदा भिंतीपासून १.२ मीटरवर असेल तर ७१ हर्ट्झला खड्डा, म्हणजे सबच्या ऐन कामाच्या पट्ट्यात. अर्ध्या मीटरवर असेल तर १७२ ला, जिथे सब वाजतच नाही. म्हणून सब भिंतीशीच बरा. मागे पोर्ट (पेटीतली हवा आतबाहेर जायचं भोक) असेल तर पोर्टच्या तोंडाशी हवा मोकळी जाईल इतकी, हाताच्या वितीएवढी फट ठेवा, बास. मोठ्या स्पीकरचं शास्त्र वेगळं. त्यांना भिंतीपासून लांब घ्यायला कारणं आहेत. तेच कारण लोक सबला लावतात आणि फसतात.

आता रांगणं. याला सब क्रॉल म्हणतात. हास्यास्पद दिसतं, पण मागचं तत्त्व पक्कं आहे: आवाज देणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी मधली वाट तीच राहते. म्हणून सब तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे तिथे स्वतःचा कान न्यायचा. जिथे बास नीट ऐकू येतो तिथे सब ठेवला की बसायच्या जागीही तोच बास.

करताना लोक दोन चुका करतात. पहिली, सब सोफ्यापुढे जमिनीवर ठेवतात. तो सोफ्यावर, डोकं जिथे येतं त्याच्या जितक्या जवळ जमेल तितका, उंचीसकट ठेवायचा. पडणार नाही असा टेकवा. बारा इंची सब हलका नसतो, एकट्याने उचलू नका. दुसरी चूक म्हणजे उभ्याने फिरतात. सब जमिनीवर राहणार आहे, तेव्हा कानही जमिनीपासून फूटभरावर हवा. गुडघे टेकायचेच आहेत.

वाजवायचं काय, हे त्याहून महत्त्वाचं. नुसता ढोलाचा ठोका वाजवलात तर एकाच फ्रिक्वेन्सीची परीक्षा होते आणि तुम्ही बरोबर चुकीच्या जागी जाऊन बसता. उभ्या बासची (डबल बास या वाद्याची) किंवा बास गिटारची पायरी-पायरीने वर चढणारी आणि खाली उतरणारी चाल निवडा आणि तोच तुकडा फिरवत राहा. जोर किती, हे ऐकायचंच नाही. प्रत्येक पायरी सारख्या उंचीची वाटते का, आणि स्वर संपल्यावर लगेच थांबतो की मागे शेपूट ओढत राहतो, हे दोनच ऐकायचं. सगळ्यात भरदार वाटते ती जागा बहुधा कोपरा असते. भरदार म्हणजे बरोबर असं धरू नका.

मी कागदी चिकटपट्टीचे तुकडे जमिनीवर लावत जातो, त्यावर १ ते ८ आकडे. समोरच्या भिंतीवर तीन, बाजूच्या भिंतींवर दोन-दोन, एखादा सोफ्याच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी तोच तुकडा, आवाजाचं बटण न हलवता. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी रांगायला लावा आणि तुम्हाला काय ऐकू आलं ते न सांगता त्याला विचारा. एकदा एका घरी नऊ-दहा वर्षांची मुलगी आमच्या मागे मागे रांगत होती. तिसऱ्या पट्टीशी थांबून ती म्हणाली, ‘इथे तो काका पायऱ्या नीट उतरतोय.’ आम्ही दोघं मोठे तोवर सहा नंबरवर अडून बसलो होतो. नंतर माइक लावला तर तिसरीच बरोबर निघाली. ती समोरच्या भिंतीवर, मध्यापासून थोडी उजवीकडे होती.

माइक लावता येत असेल तर अवश्य लावा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि मोजणीसाठी बनवलेला यूएसबी माइक लॅपटॉपला थेट लागतो. सब खरोखर प्रत्येक पट्टीवर ठेवा, माइक डोक्याच्या जागी, २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा टोन, म्हणजे स्वीप, घ्या आणि सगळ्या रेघा एकावर एक टाका. रेघ सपाट मिळणार नाही. घरगुती खोलीत १५-२० डेसिबलची उंचसखलता दिसली तर घाबरू नका, ती सगळीकडे असते. ज्या रेघेत खोल, अरुंद खड्डे सगळ्यात कमी आहेत ती निवडा, टेकाडं असली तरी चालतील. मोबाइलच्या माइकवर आकड्यांसाठी विसंबू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये खालचा आवाज मुद्दाम छाटलेला असतो; एका जागेची दुसरीशी ढोबळ तुलना करायला तो चालतो.

टेकाड चालेल आणि खड्डा नको, असं का? कारण टेकाड कापता येतं. रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) किंवा सबच्या ईक्यूमध्ये, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायच्या सोयीत, ४७ हर्ट्झला ८ डेसिबल उतरवले की ८ डेसिबल उतरतात, शिवाय स्वराची ओढलेली शेपूटही आखूड होते. खड्डा भरता येत नाही. तिथे दोन लहरी एकमेकींना मारतायत. तुम्ही जोर वाढवला की मारणारीही तितकीच वाढते. पाणी ओतावं तितकं मुरतं. वर अँप्लिफायरची दमछाक: ६ डेसिबल चढवायला चौपट ताकद लागते, १० चढवायला दहापट. सबचा पडदा धडधडतो, ऐकू काहीच येत नाही.

म्हणूनच मी कोपऱ्याला सरसकट नावं ठेवत नाही. कोपऱ्यात सब सगळे मोड उठवतो, तसाच सगळ्यात जास्त आवाजही तिथूनच देतो. सब लहान असेल, खोली मोठी असेल, बसणारा एकटाच असेल आणि हाताशी चांगला ईक्यू असेल, तर कोपऱ्यात ठेवून टेकाडं छाटणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. तुमच्याकडे तिघं-चौघं बसतात, आणि खड्डा व टेकाड एकाच सोफ्यावर आहेत. मधल्यासाठी ईक्यू केला की टोकाच्याचं बिघडतं. अशा वेळी जागेनेच काम झालं पाहिजे.

जागा ठरली की जोडणी. रिसीव्हरमध्ये दोन्ही स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे त्यांचा खालचा बास सबकडे जाईल. त्यात स्पीकरचा अपमान नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. त्याच्या वर गेलात की सब कुठे आहे ते कानाला कळायला लागतं, पुरुषी आवाजातला जडपणा सबकडून येतो आणि माणूस जमिनीवरून बोलल्यासारखा वाटतो. सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर किंवा ‘एलएफई’ या खुणेवर ठेवा, म्हणजे सबची स्वतःची चाळणी बाजूला राहते. नाहीतर दोन चाळण्या एकापुढे एक लागतात आणि ६० ते ८० मधला आवाज गायब होतो. ‘सब बदलल्यासारखा वाटत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी मी सगळ्यात आधी वाकून हा नॉब बघतो.

फेज जुळवायची माझी पद्धत उलटी आहे. ८० हर्ट्झचा टोन स्पीकर आणि सब दोन्हींतून वाजवायचा. एकाने बसायच्या जागी बसायचं, दुसऱ्याने सबमागे. सगळ्यात मोठा आवाज कुठे येतो हे कानाला नीट कळत नाही, पण सगळ्यात बारीक कुठे होतो ते झटकन कळतं. म्हणून सबची पोलॅरिटी आधी उलटी करायची (म्हणजे पडदा पुढे जायच्या वेळी मागे जाईल) आणि आवाज जवळजवळ बुडेल अशी फेज किंवा रिसीव्हरमधलं सबचं अंतर शोधायचं. सापडलं की पोलॅरिटी परत सरळ. आता जुळणी पक्की. सबवर नुसतं ० आणि १८० चं बटणच असेल तर दोन्ही ऐकून मोठ्या आवाजाचं ठेवा. बारीक जुळणी रिसीव्हरच्या अंतराच्या आकड्याने करा. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर हे लक्षात ठेवलं की पुरे.

रिसीव्हरने स्वतः मोजून सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दाखवलं तर ‘मशीन चुकलं’ म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स आवाजाला थोडा उशीर लावतं, मशीनने तो उशीरही अंतरात धरलाय. टेपचा आकडा घातलात की जुळलेलं मोडतं. आणि ही आपोआप मोजणी जागा बदलल्यावर पुन्हा करावी लागते. सब हलवून जुनंच सेटिंग ठेवणारे कमी नाहीत.

आवाजाची पातळी बहुतेकांची जास्त असते. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाच्या संवेदनेचे आलेख मांडले. त्यात खालच्या टोकाला रेघा एकमेकींच्या जवळ येतात, म्हणजे बासमधली थोडी वाढ कानाला मोठी वाटते. तेव्हा नॉब चिमटीत धरून केसभर फिरवायचा. दोन दिवस तसंच ऐका. सब बंद केल्यावरच तो होता हे कळावं, चालू असताना नाही. सिनेमासाठी दोन-तीन डेसिबल जास्त आवडत असतील तर खुशाल चढवा; सिनेमाचे स्फोट कुणी तराजूत घालून बघत नाही.

आता दुसरा सब. २००२ साली हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी एक शोधनिबंध मांडला होता. आयताकृती खोलीत किती सब आणि कुठे, याचा त्यांनी बारकाईने धांडोळा घेतला. चारी भिंतींच्या मध्यावर एकेक, असे चार सब उत्तम ठरले, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर त्यांतलं बरंचसं पदरात पडतं. हा फायदा जोराचा नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्यावर बास किती बदलतो, ते कमी होतं. तुमच्या खोलीत दुसरा सब मागच्या भिंतीच्या मध्यावर आला तर ३४ चा मोडही दोघं मिळून गप्प करतील, पण ६८.६ चा दोघंही एका दिशेने ढकलतील. तो आवरायला बाजूच्या भिंतींवर, समोरून सव्वा मीटरवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी जोडी जास्त कामाची. लांबीच्या त्या चौथाईवर ६८.६ उठत नाही, डावा-उजवा ४७.६ ला मारतात, आणि ३४ चा खर्ज ३ डेसिबल कमी होऊनही शिल्लक राहतो.

घ्यायचेच झाले तर दोन्ही एकाच जातीचे घ्या. एक पोर्टवाला आणि एक बंद पेटीचा अशी जोडी फेजमध्ये जुळवताना माझी संध्याकाळच्या संध्याकाळ गेलेली आहे. पण आधी एका सबची जागा बदलून महिनाभर ऐका. सब चुकीच्या कोपऱ्यात असताना दुसरा आणून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला की खर्च दुप्पट होतो आणि समोरासमोर दोन बूम ऐकू येतात. एकाच ठिकाणी दोन सब एकावर एक ठेवले तर ६ डेसिबल मिळतात, मोड तसूभर बदलत नाहीत.

बाकीच्या गोष्टी पटकन. भिंतीवर चिकटवलेले दोन इंची फोमचे चौकोन बासला काहीही करत नाहीत. ४० हर्ट्झच्या लहरीचा पाव भागच २.१ मीटरचा आहे, दोन इंच तिच्या खिजगणतीत नाहीत. सबखाली रबराचा जाड पॅड घातला तर जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, पण खालच्या मजल्याला ऐकू जाणारा बास बराचसा हवेतून जातो, तो पॅडला जुमानत नाही. सब कपाटात घालू नका. रेकॉर्ड प्लेयर असेल तर तो आणि सब एका फर्निचरवर नकोत, आणि प्लेयर कोपऱ्यातही नको. सुईला बासची थरथर मिळाली की तीच पुन्हा स्पीकरमधून घरंगळत येते. लांब केबल ओढल्यावर सतत गुं-गुं असा आवाज आला तर सब बिघडलेला नसतो. बहुधा ग्राउंड लूप असतो, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वळसा घेणारा प्रवाह. सब आणि रिसीव्हर एकाच प्लग-पॉइंटवरून चालवून बघा.

शेवटी खडखड. एका घरी सबचा पडदा फाटलाय म्हणून तो दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा ‘काही दोष नाही’ म्हणून परत. मी हळूहळू वर चढणारा टोन लावला आणि खोलीत हात फिरवत हिंडलो. ५२ हर्ट्झच्या आसपास पुस्तकांच्या कपाटाची सरकती काच तिच्या खाचेत थरथरायला लागली. बोट टेकवलं, आवाज थांबला. बोट उचललं, परत सुरू. कागदाची घडी करून खाचेत कोंबली. तुम्हीही जागा ठरल्यावर २० ते १०० हर्ट्झचा असाच टोन एकदा सावकाश चढवा आणि खिडक्या, दाराच्या कड्या, फोटोफ्रेमी, छतावरच्या दिव्यांचे झाकण सगळ्यांना बोट लावून या. सब नव्या जागी गेला की जुन्या जागी गप्प असलेलं काहीतरी नव्याने बोलायला लागतं, आणि शिव्या सबला बसतात.

सोफा हलवून, सब मधे आणून ऐकलंत की टोकाला बसणारा आणि मधे बसणारा दोघांनाही विचारा आणि दोघांची उत्तरं कळवा. मधल्याला अजूनही खड्डा वाटत असेल तर तो कुठल्या स्वराला ते पाहून ठेवा. ५७ च्या आसपास असेल तर तो उंचीचा मोड, मग सब जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवून बघायचा पुढचा प्रयोग सांगतो.